जुन्या रिळावर मोठा मासा: आधी एवढंच

जुनं हार्डी परफेक्ट हाती आलं म्हणता, अभिनंदन! हार्डी कंपनीचं परफेक्ट, 1891 मध्ये बाजारात आलेलं इंग्लंडचं मासेमारीचं रीळ (गळाची दोरी गुंडाळायचं चाक), सॅमन माशाला आजही पुरून उरतं. पण त्याची करकर म्हणजे ब्रेक नव्हे. तो करकरणारा खटका फक्त चाक मोकाट फिरून दोरीचा गुंता होऊ देत नाही. मासा दमतो तो काठीच्या बाकाने आणि दोरीवरच्या बोटाच्या हलक्या दाबाने.

मासा पळाला की रिळाची मूठ सोडा. मी धरून ठेवली होती. पेर आठवडाभर सुजलं, आणि मासा गेला तो गेलाच.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- दोरीखाली निदान 150 मीटर डेक्रॉनचं बॅकिंग, म्हणजे मुख्य दोरीला मागे जोडलेला कृत्रिम धाग्याचा जादा दोर. ते जुनं असेल तर हाताने ओढून बघा, घरीच तुटलं तर बरंच झालं.
- रीळ उघडताना खाली टॉवेल अंथरा. आतले बेअरिंगचे बारीक छर्रे ग्रीसच्या भरवशावर बसलेले असतात, ते घरंगळले की पलंगाखाली शोधा!
- ग्रीस नखावर मावेल इतकंच. स्क्रूला नेमक्या मापाचाच पेचकस.
- घरी आल्यावर दोरी सैल करून वाळवा.

आणि कृपा करून पॉलिश मारू नका. तो काळपट रंगच त्याची किंमत. खटक्याची स्प्रिंग बदलणं वगैरे पुढच्या मोसमात बघू.