नदीपलीकडची फळमाशी आणि वांझ नर

प्रश्न : कलमांत फळमाशीचे रक्षक सापळे लावतो, तरी मेअखेरच्या आंब्यात अळी सापडतेच. तेरेखोलपलीकडे गोव्याच्या हद्दीत सापळे नाहीत, तिथून माशी येते. परदेशात वांझ माश्या सोडतात असे ऐकले. आम्हाला मिळतील का? (आरोंदा-सातार्डा भागातील बागायतदार)

उत्तर : नाही मिळणार. एकट्याने आणून आपल्या बागेत सोडावी अशी ती वस्तूच नाही. माशी कारखान्यात वाढवतात, कोषातच गॅमा किरण देऊन वांझ करतात आणि अख्ख्या मुलखावर आठवड्यामागून आठवडे सोडतात. वांझ नराशी मिलन झालेल्या मादीची अंडी उबत नाहीत. मात्र रानातले नर फार असले तर सोडलेले त्यांच्यापुढे पुरे पडत नाहीत. म्हणून माशी आधी इतर उपायांनी कमी करावी लागते.

हद्दीची तुमची तक्रार रास्त आहे. भूमध्य फळमाशी मध्य अमेरिकेतून वर सरकली, तेव्हा मेक्सिको, ग्वाटेमाला आणि अमेरिका या तिघांनी मिळून काम हाती घेतले. मेक्सिकोतल्या मेटापा इथे १९७९ मध्ये वांझ माश्यांचा कारखाना सुरू झाला आणि १९८२ पर्यंत मेक्सिकोतून माशी हटली. पण काम थांबले नाही. आपल्या बागा राखायच्या तर शेजाऱ्याच्या मुलखात माशी रोखावी लागते, हे ओळखून ग्वाटेमालातही वांझ नर सोडले जातात.

आपल्या आंब्यावरची माशी वेगळ्या जातीची, पण शेजाऱ्याशिवाय तीही आटोक्यात येणार नाही. सापळ्यातल्या मिथिल युजेनॉल या गंधद्रव्याकडे फक्त नर येतात. सापळा भरला तरी आधीच मिलन झालेली मादी पाडाला आलेल्या फळात अंडी घालतेच. म्हणून माझा सर्वांत मोठा आग्रह गळलेल्या फळांसाठी आहे. ती रोज वेचा आणि दोन फूट खोल पुरा. कलमाखाली कुजणाऱ्या आंब्यातली अळी मातीत उतरून कोष करते आणि नवी माशी तिथूनच उठते. परसातले पेरू आणि जामही सोडू नका. फळ चौदा आणे तयार होताच उतरवा.

हेक्टरी चार सापळे पुरेत, पण दोन्ही तीरांवर एकाच आठवड्यात लागले पाहिजेत. पलीकडे तुमचे सोयरे, ओळखीचे बागायतदार आहेत. हंगामाआधी त्यांची नावे माझ्याकडे द्या, गोव्यातल्या पेडण्याच्या कृषी कार्यालयाशी मी बोलतो.