आरएक्स १०० चं पोर्टिंग पहिल्यांदा करतोयस? मग एवढं सांभाळ

पोर्टिंग, म्हणजे यामाहाच्या या टू-स्ट्रोक गाडीच्या सिलिंडरमधल्या हवा-पेट्रोल-धुराच्या वाटा (पोर्ट) घासून सुधारणं. कर की, बिनधास्त कर! फक्त चालू गाडीच्या सिलिंडरला लगेच ग्राइंडर लावू नकोस, भंगारातून एखादा जुना आण आणि त्यावर आधी हात बसव.

नवखे सगळ्यात आधी एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर जायची वाट) घासून वर चढवतात, ते अजिबात नको, कारण पोर्ट जेवढा वर तेवढा पॉवर स्ट्रोक (स्फोटाने पिस्टन खाली ढकलला जातो तो टप्पा) लवकर संपतो, कमी आरपीएमचा पिकअप जातो आणि घासलेलं लोखंड काही परत येत नाही रे. त्यापेक्षा सिलिंडर क्रँककेसवर बसतो तिथे पॅकिंग (गॅस्केट) ठेवून बघ, ट्रान्सफर पोर्टच्या (क्रँककेसमधून मिश्रण सिलिंडरमध्ये नेणारी वाट) तोंडाशी पायरी असेल तर ती जुळव. सुरुवातीला तेवढंच पुरे.

पॉलिश फक्त एक्झॉस्टला, कार्बन कमी धरतो. इनटेक आरशासारखा करायची गरज नाही.

आणि हे विसरूच नको:
- बोअरच्या (पिस्टन फिरतो ती पोकळी) आतून पोर्टच्या कडा हलक्या गोल कर. माझ्या पहिल्या सिलिंडरला मी हे केलं नाही, रिंग अडकून तुटली, पिस्टनपण गेला.
- जोडण्याआधी गरम पाणी-साबणाने धू, पुसून लगेच ऑइल लाव.
- नंतर प्लग बघ, पांढरा दिसला तर पेट्रोल कमी पडतंय, कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं छोटं भोक) मोठा टाक, नाहीतर पिस्टन जाम होईल.

पोर्ट कधी उघडतो-बंद होतो ते टायमिंग, डिग्री वगैरे नंतर बोलू.