विद्यापीठाचे लघुसंशोधन अनुदान: अर्ज लिहिताना आधी अंदाजपत्रक आणि हंगाम ठरवावा

नमस्कार मॅडम,

आपण नीरा डाव्या कालव्याच्या परिसरातील एका अनुदानित महाविद्यालयात सहा वर्षे रसायनशास्त्र शिकवत आहात, विद्यापीठाच्या लघुसंशोधन प्रकल्पांचे परिपत्रक आले आहे आणि त्यात कमाल मर्यादा १ लाख रुपयांची आहे. विहिरींच्या पाण्याच्या गुणवत्तेवरचा आपला अर्ज गेल्या वर्षी ‘व्याप्ती मोठी, अंदाजपत्रक असमर्थनीय’ असा शेरा मारून परत आला. त्या अर्जात ८० विहिरी, १६ घटकांची तपासणी आणि ९८ हजारांची मागणी होती, आणि त्यातले ५५ हजार एका उपकरणासाठी होते, असे आपण लिहिले आहे. मी २८ वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि त्यातली काही वर्षे एका दुसऱ्या विद्यापीठाच्या छाननी समितीवर काम केले. त्या अनुभवावरून सांगतो, कारण आपला विषय चांगला आहे आणि तो केवळ मांडणीमुळे दुसऱ्यांदा परत येऊ नये असे मला मनापासून वाटते.

समितीवरचे सदस्य प्रस्ताव पहिल्या पानापासून वाचत नाहीत. एका दिवसात पन्नास-साठ प्रस्ताव पाहायचे असले की शीर्षक वाचून हात थेट अंदाजपत्रकाच्या पानाकडे जातो, कारण अर्जदाराने काम खरोखर मनात करून पाहिले आहे की नाही हे त्या पानावर लगेच कळते. ८० विहिरींचे दोन हंगामांचे नमुने म्हणजे १६० बाटल्या, आणि प्रत्येकीतले १६ घटक म्हणजे २,५६० निरीक्षणे झाली. आठवड्याला सोळा तासिका घेणारी एक शिक्षिका विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांच्या वेळा सांभाळून हे कधी करणार, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात पहिल्या मिनिटाला येतो. त्यात निम्म्याहून अधिक रक्कम एका उपकरणाला लावली की रसायनांना आणि प्रवासाला काय उरले, हा दुसरा प्रश्न येतो. गेल्या वर्षीचा शेरा कठोर वाटला असेल, तरी तो विषयावर नव्हता.

म्हणून पहिली विनंती अशी की अर्ज लिहिण्याआधी प्रयोगशाळेत एक दिवस द्यावा. नायट्रेट आपण कोणत्या पद्धतीने मोजणार आहात? अतिनील स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २२० नॅनोमीटरला मोजून २७५ नॅनोमीटरची दुरुस्ती लावण्याची रीत बहुतेक महाविद्यालयांना परवडते. पण साध्या काचेचे क्यूव्हेट, म्हणजे नमुना ठेवण्याची छोटी पारदर्शक कुपी, त्या तरंगलांबीला चालत नाही, क्वार्ट्झचेच लागते. ज्या अंदाजपत्रकात पद्धत ही लिहिलेली असते आणि क्वार्ट्झ क्यूव्हेटची जोडी दाखवलेली नसते, किंवा ती महाविद्यालयात उपलब्ध असल्याचा उल्लेख नसतो, त्या अर्जदाराने हे मापन स्वतः केलेले नाही हे रसायनशास्त्राच्या सदस्याला सांगावे लागत नाही. महाविद्यालयाकडे फक्त दृश्य प्रकाशाचा कलरीमीटर असेल, तर जवळच्या पदव्युत्तर विभागाच्या प्रमुखांचे ‘आमचे उपकरण वापरू देऊ’ असे एका ओळीचे पत्र आणावे. पंचावन्न हजारांच्या उपकरणापेक्षा ते पत्र अर्जाला अधिक बळ देईल. लघुप्रकल्प उपकरण विकत घेण्यासाठी नसतो, हा नियम परिपत्रकात असो वा नसो, समितीच्या मनात असतो.

आता व्याप्तीविषयी. आपल्या भागात एक मोठी अनुकूलता आहे आणि ती गेल्या वर्षीच्या अर्जात कुठेच आलेली नव्हती. कालव्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे कालवा आणि नदी यांच्यामधल्या पट्ट्यात, बारमाही पाणी, ऊस आणि भरपूर युरिया आहे. वरच्या अंगाला जिराईत आहे. १२ विहिरी लाभक्षेत्रातल्या आणि १२ त्याच्या बाहेरच्या घेतल्या, तर ८० विहिरींच्या सरसकट यादीपेक्षा कितीतरी स्पष्ट प्रश्न उभा राहतो: सिंचित उसाखालच्या विहिरींत नायट्रेट जिराईत भागातल्या विहिरींपेक्षा जास्त आहे का, आणि ते भारतीय मानक १०५०० मधील लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे किती ठिकाणी जाते? नायट्रेटच्या बाबतीत त्या मानकात पर्यायी स्रोत नसतानाची सवलतही दिलेली नाही, हे वाक्य प्रस्तावात जरूर घालावे. घटक सहाच ठेवावेत: सामू (पीएच), विद्युत वाहकता, एकूण कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट आणि फ्लोराइड. क्लोराइड घेण्याचे कारणही सांगावे. नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही वाढलेले असतील, तर खताबरोबर गोठ्याच्या किंवा शौचखड्ड्याच्या झिरप्याचाही विचार करावा लागतो, आणि केवळ खताकडे बोट दाखवण्याची घाई टळते.

याच ठिकाणी आवर्तनाचा, म्हणजे कालव्याला ठरावीक काळाने सुटणाऱ्या पाण्याच्या पाळीचा मुद्दा येतो आणि माझ्या मते आपल्या प्रस्तावाचे खरे वेगळेपण तिथेच आहे. कालव्याला पाणी सुटले की काठच्या विहिरींत पाझर उतरतो आणि पाणी पातळ होते. आवर्तन बंद होऊन काही आठवडे झाले की चित्र बदलते. एका गावात आवर्तन चालू असताना आणि दुसऱ्या गावात बंद असताना नमुने घेतले, तर निकालांची तुलना करता येत नाही. ‘सर्व नमुने आवर्तन संपल्यानंतर ठरावीक दिवसांनी घेतले जातील आणि त्याची तारीख पाटबंधारे शाखा कार्यालयाकडून नोंदवली जाईल’ हे एक वाक्य लिहिले, की अर्जदाराला आपला परिसर माहीत आहे याबद्दल समितीला शंका उरत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी आपल्या तालुक्यात कुठे आहेत हे पाहून त्यांपैकी दोन-तीन आपल्या २४ मध्ये घ्याव्यात, म्हणजे जुन्या नोंदींशी ताळा करता येईल.

वेळापत्रकाबद्दल मला स्वतःचा अनुभव सांगावासा वाटतो, कारण त्याची किंमत मी मोजली आहे. माझ्या पहिल्या प्रकल्पाचे मंजुरीपत्र फेब्रुवारीत हातात आले आणि त्यात खर्च ३१ मार्चपूर्वी करावा असे लिहिले होते. माझे अर्धे नमुने पावसाळ्यानंतर घ्यायचे होते. मुदतवाढीचा अर्ज मी केला. तो महाविद्यालयाच्या कार्यालयात दोन महिने पडून राहिला, विद्यापीठात पोहोचला तेव्हा आर्थिक वर्ष उलटून गेले होते, आणि दुसरा हप्ता शेवटपर्यंत मिळाला नाही. उरलेले काम मी पूर्ण केले, पण स्वतःच्या पगारातून. पुढे समितीवर बसलो तेव्हा हेच दुःख इतर अनेकांच्या फाइलींत दिसले. परिपत्रक ऑगस्टचे, सादरीकरण दिवाळीनंतरचे, मंजुरी कधी जानेवारीत तर कधी थेट जूनमध्ये. आणि पाऊस कोणाच्या मंजुरीसाठी थांबत नाही. तेव्हा वेळापत्रक तारखांनी न लिहिता मंजुरीच्या दिनांकापासून मोजावे, आणि दोन्ही शक्यता लिहाव्यात: मंजुरी एप्रिलपूर्वी आली तर पहिली फेरी मे महिन्यात आणि दुसरी नोव्हेंबरमध्ये, त्यानंतर आली तर पहिली नोव्हेंबरमध्ये आणि दुसरी पुढच्या मे महिन्यात. कालावधी बारा महिन्यांचा बंधनकारक असेल, तर मुदतवाढीची शक्यता सादरीकरणातच बोलून दाखवावी, म्हणजे पुढे अर्ज केला तर तो अनपेक्षित ठरत नाही.

अंदाजपत्रक मी आपल्यासाठी साधारण मांडून पाहिले. रसायने, क्यूव्हेट आणि काचसामान ३४,५०० रुपये, एका फेरीला चार याप्रमाणे एकूण आठ दिवसांचा प्रवास, दिवसाला २,४०० धरून १९,२००, दहा नमुन्यांची एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून फेरतपासणी ९,०००, दोन विद्यार्थी सहायकांना आठ दिवसांचे प्रत्येकी ४०० रुपये रोजाने ६,४००, किरकोळ ५,०००, अहवालाची छपाई आणि बांधणी २,५००. बेरीज ७६,६०० होते. आकडे आपल्या कोटेशनांनुसार बदलतील. ती कोटेशने जीएसटीसह मागवावीत, कारण कराची रक्कम विसरलेली अंदाजपत्रके दर वर्षी दिसतात आणि ती तूट मग किरकोळ खर्चाच्या शीर्षात मावत नाही. मर्यादा एक लाखाची आहे म्हणून बरोबर एक लाख मागण्याची सवय फार पसरली आहे. ७६,६०० ही रक्कम हिशेबातून आलेली दिसते, आणि तिला कात्री लावताना सदस्याला कारण शोधावे लागते. फेरतपासणीचे नऊ हजार मात्र कोणी कितीही सांगितले तरी सोडू नयेत. आपले निकाल दुसऱ्या प्रयोगशाळेशी जुळतात हे दाखवल्याखेरीज या विषयावरचा लेख चांगल्या नियतकालिकात टिकत नाही.

पैसे मिळाल्यानंतरची शिस्त अर्जाच्या वेळीच ठरवावी लागते. बहुतेक ठिकाणी पहिला हप्ता मंजुरीबरोबर आणि दुसरा उपयोगिता प्रमाणपत्र (पहिली रक्कम ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला) दिल्यावर मिळतो, म्हणजे मधला खर्च महाविद्यालयाने आगाऊ करावा लागतो. प्राचार्यांशी याबद्दल आधीच बोलून घ्यावे. प्रत्येक बिल प्राचार्यांच्या नावे, प्रकल्पाच्या कालावधीतील तारखेचे आणि पुरवठादाराच्या जीएसटी क्रमांकासह असावे. टिकाऊ वस्तू डेडस्टॉक नोंदवहीत आणि रसायने उपभोग्य साठ्याच्या नोंदवहीत चढवून तो पान क्रमांक बिलावर लिहावा. विद्यार्थ्यांचे मानधन त्यांच्या बँक खात्यात द्यावे. प्रवासाच्या बिलावर गाव, अंतर आणि त्या दिवशीच्या नमुन्यांचे क्रमांक लिहिले, तर सनदी लेखापालांपुढे काहीही समजावून सांगावे लागत नाही.

जुने सहकारी आपल्याला ‘बीसीयूडीचा प्रोजेक्ट सहज मिळायचा’ असे सांगतील. बीसीयूडी, म्हणजे महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळ, १९९४ च्या विद्यापीठ कायद्यातले होते. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमानंतर रचना बदलली आणि संशोधनासाठी स्वतंत्र मंडळ आले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघुप्रकल्पांचा मार्गही बाराव्या पंचवार्षिक योजनेनंतर आटला. त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणच्या शिक्षकाला विद्यापीठाचे हे छोटे अनुदान हाच बहुधा पहिला दरवाजा उरला आहे, आणि त्यासाठीची स्पर्धा म्हणूनच वाढली आहे. या २४ विहिरींची दोन हंगामांची निरीक्षणे हाती असली, तर पुढे राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडे किंवा २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे मोठा प्रस्ताव पाठवताना आपल्याकडे स्वतःची प्राथमिक आकडेवारी असेल. फलनिष्पत्तीच्या रकान्यात ‘दोन संशोधन लेख’ असे ठोकळेबाज लिहू नये. एक लेख आणि २४ विहीरमालकांना त्यांच्या पाण्याचा मराठीतला एक पानी अहवाल, असे लिहावे. लेखात विहीरमालकांची नावे देऊ नयेत, केवळ क्रमांक द्यावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केल्यापासून नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आपल्यावरच आली आहे, तेव्हा पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्यांकडे अनुदानातला रुपयाही जाऊ देऊ नये.

सादरीकरणाला पाच मिनिटे मिळतात. त्यात कालवा, नदी आणि २४ ठिपके दाखवणारा हाताने काढलेला का होईना, एक नकाशा पहिल्या चित्रात ठेवावा. ‘ही रसायने महाविद्यालयाच्या नेहमीच्या खर्चातून का घेत नाही?’ हा प्रश्न हमखास येतो. क्लोराइड मोजायला सिल्व्हर नायट्रेट लागते; प्रात्यक्षिकांसाठी वर्षाला लागणारी त्याची मात्रा आणि या प्रकल्पाला लागणारी मात्रा हे दोन आकडे तोंडपाठ असावेत.

कोटेशने मागवण्याचे पत्र या आठवड्यातच पाठवावे, कारण तीन पुरवठादारांची उत्तरे यायला आणि तुलनात्मक तक्त्यावर प्राचार्यांची सही व्हायला तीन आठवडे सहज जातात. अंदाजपत्रकाचे पान आणि विहिरींचा नकाशा तयार झाला की इथेच मांडावा. मी आकडे तपासून देईन.