सकाळी सकाळी भाकरी का? ओवीला पत्र

प्रिय ओवी,

तुझा प्रश्न असा: सोलापूरला आजी सकाळीच ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी देते, गोड काही नाही, तरी अकरा वाजले तरी चिडचिड होत नाही. इकडे मात्र दूध-सीरियल खाऊन गेलीस की शाळेत दुसऱ्याच तासाला पोटात कावळे ओरडतात. भाकरीत असं आहे काय? आणि आपल्याकडे सकाळी तिखट का खातात?

आधी सीरियल. त्यातलं धान्य कारखान्यात शिजवून, फुलवून किंवा लाटून, वर साखर लावून येतं, म्हणजे पचवायचं निम्मं काम आधीच झालेलं असतं. रक्तातली साखर झरझर चढते, ती उतरवायला शरीर इन्शुलिन सोडतं आणि काही जणांची साखर मग जरा जास्तच खाली येते. अंग गळतं, अभ्यासात लक्ष लागत नाही, कुणी साधं बोललं तरी राग येतो.

ज्वारीत स्टार्चच्या कणांभोवती काफिरिन नावाच्या प्रथिनाचं जाळं असतं. भाकरी भाजल्यावर ते आणखी चिवट होतं, त्यामुळे स्टार्च हळूहळू सुटतं. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम चोथाही असतो. त्यात शेंगदाण्याची भर: शंभर ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं, आणि त्याहून जास्त तेल. तेलामुळे अन्न पोटात जास्त वेळ थांबतं. शिळी भाकरी तर आणखी सावकाश पचते, कारण गार झालेल्या स्टार्चचा काही भाग पुन्हा घट्ट होतो. आजी दह्यात कुस्करून देते ती मुकाट्याने खा. पण भाकरी म्हणजे मूडचं औषध नव्हे. रात्री बारापर्यंत मोबाइल बघितलास तर सकाळी कुठलीच भाकरी कामाला येणार नाही.

तिखटाचं कारण जमिनीत आहे. सोलापूरकडे पाऊस कमी. रब्बीची ज्वारी काळ्या मातीत मुरलेल्या ओलीवर येते. मंगळवेढ्याच्या मालदांडी जातीच्या ज्वारीला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. शेतावर भाकरीबरोबर न्यायला कोरडं आणि न विटणारं तोंडीलावणं हवं, आणि शेंगाचटणीत पाण्याचा थेंब नसतो.

ती शिकूनच ये. पाव किलो शेंगदाणे घे. सुरकुतलेले, हिरवट-काळे दाणे आधी काढून टाक. त्यांत बुरशीचं विष असू शकतं आणि ते भाजल्याने पूर्ण जात नाही. मंद आचेवर बारा-पंधरा मिनिटं हलवत भाज. आच मोठी ठेवलीस तर साल करपतं आणि आत दाणा कच्चाच राहतो. पूर्ण गार होऊ दे, मग साल चोळून पाखडून टाक. उखळात दहा-बारा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं आणि मीठ आधी कुट, मग दोन चमचे लाल तिखट (तुझ्यासाठी एकच), मग दाणे थोडे थोडे. कडेने दाण्याला तेल सुटून चटणी बत्त्याला चिकटायला लागली की झाली. मिक्सरमध्ये हे जमत नाही: तळाला लगदा, वर भरड. उखळ नसेल तर बटण दाबून-सोडून फिरव आणि मधेमधे चमच्याने वरखाली कर. पानात दोन चमचे पुरेत. वाटीभर खाल्लीस तर पोट जड होणारच.

भाकरी जास्त हट्टी. ज्वारीत ग्लूटेन नसतं, म्हणून पीठ गव्हासारखं ताणत नाही. एका भाकरीला सत्तर ग्रॅमच्या आसपास पीठ घे, कडकडीत पाणी बेताबेताने घाल आणि तळहाताच्या टाचेने गुळगुळीत होईपर्यंत मळ. एका वेळी एकाच भाकरीचं मळ, पडून राहिलं की पीठ तडकतं. परातीत कोरड्या पिठावर थाप. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेव आणि तिला हाताने पाणी फिरव. ते वाळत आलं की लगेच उलट. पूर्ण वाळू दिलंस तर भेगा पडतात, भाकरी फुगत नाही, पापुद्रा सुटत नाही. इथल्या दुकानातलं पीठ बहुतेक वेळा जुनं असतं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. अशा वेळी पाणी उकळून त्यात पीठ टाक, झाकून दहा मिनिटं ठेव, मग मळ. ताजं पुडकं मिळालं तर फ्रीझरमध्ये टाकू.

एका बाबतीत मात्र आजीशी माझं पटत नाही: भाकरीबरोबर चहा. चहाने जेवणातलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. तू तासभर थांबून पी. भाकरीवर लिंबू पिळ किंवा नंतर पेरू खा, त्याने उलट लोह जास्त मिळतं.

शनिवारी हुरड्याला निघालात म्हणे. आगटीतून निघालेला गरम हुरडा चटणी-दह्याबरोबर खायचा, पण ओंजळी मोजून. दाणा कोवळा आणि गोड लागतो, म्हणून हात थांबत नाही आणि संध्याकाळी पोट फुगतं. बरोबर ताक ठेवायला काकूला सांग.

तुझा,
बाबा