विसार देण्याआधी

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

साउदम्प्टनजवळ तू पाहून आलेली 1974 सालची वेस्टर्ली सेंटॉर तुझ्या मनात भरली आहे आणि ती घेऊन तिच्यातच राहायचा तुझा विचार आहे, हे तुझ्या पत्राच्या पहिल्याच ओळीत कळले. तळाखाली किल नावाचे दोन जड पंख असलेली ही 26 फुटी शिडाची बोट 1969 पासून बांधली जाऊ लागली, पुढे अशा 2,000 हून अधिक बोटी पाण्यात उतरल्या, आणि ओहोटीच्या वेळी चिखलात दोन पायांवर सरळ उभी राहते म्हणून खाड्यांमध्ये नांगरून राहणाऱ्यांना ती आजही सोयीची वाटते. तुझी निवड चुकलेली नाही. फक्त केबिनमधल्या नव्या गाद्या पाहून विसार देऊ नकोस. आधी बोट क्रेनने उचलून घे आणि सर्व्हेअरकडून, म्हणजे बोटींची पाहणी करणाऱ्या जाणकाराकडून, तिचा तळ तपासून घे.

संडास, मोरी आणि इंजिनाला लागणारे पाणी यांसाठी बोटीच्या तळाला भोके पाडलेली असतात व प्रत्येक भोकावर सीकॉक नावाची झडप असते. ती साध्या पितळेची असेल तर खारे पाणी पितळेतले जस्त वर्षानुवर्षे खात राहते आणि मागे तांब्याचा ठिसूळ, सच्छिद्र सांगाडा उरतो, जो वरून अगदी धडधाकट दिसतो. माझ्या पहिल्या बोटीच्या झडपा नुकत्याच बदलल्याचे विकणाऱ्याने सांगितले होते. बोट काठावर चढवलेली असताना मी संडासाची नळी जरा हलवली, तर झडपेचे तोंड नळीसकट हातात आले. तुटलेली कड पिवळी नव्हती, भाजक्या विटेसारखी गुलाबी होती. तेच पाण्यात घडले असते तर? पाण्याखाली दोन फुटांवरच्या दीड इंची भोकातून मिनिटाला शंभर लिटरहून अधिक पाणी आत येते, आणि लहान बोटीवरचा विजेचा पंप त्याला पुरा पडत नाही. म्हणून प्रत्येक झडपेशेजारी भोक बुजवायला त्या मापाची मऊ लाकडाची खुंटी दोरीने बांधून ठेव. रात्री अंधारात ती शोधावी लागता कामा नये.

सेंटॉरच्या बाबतीत किलांच्या मुळाशी आतून नीट पाहा. तिथे भेगा किंवा गंजाचे ओघळ असतील, तर तो भाग मजबूत केल्याची पावती माग. डोलकाठीला आधार देणाऱ्या तारा दहा वर्षांहून जुन्या असतील तर त्या बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोली लाव, कारण अनेक विमा कंपन्या त्या बदलायला सांगतात. ब्रिटनच्या लहान बोटींच्या नोंदवहीतील नाव हा मालकीचा पुरावा नव्हे. आधीच्या मालकांची खरेदीखते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नकोस. माझे मत विचारशील, तर पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी खरेदीच्या निम्मी रक्कम बाजूला काढून ठेव, आणि तेवढी नसेल तर याहून स्वस्त बोट बघ.

आता राहण्याविषयी. मरिनात, म्हणजे बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावर, कायम राहण्याची परवानगी आहे का, हे करारात वाचून घे. हिवाळ्यात तुझा श्वास आणि स्वयंपाकाची वाफ बोटीच्या थंड फायबरच्या भिंतींवर दवासारखी साचते, ती ओघळून गादीखाली जाते, आणि आठवड्याभरात कपड्यांना कोकणातल्या श्रावणासारखा कुबट वास येऊ लागतो. गादीखाली लाकडी पट्ट्या घालून हवा खेळू दे, आणि कितीही गारठा असला तरी वरचा एक झरोका किलकिला ठेव. शेगडीचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो तळाच्या खोलगट भागात साचून राहतो आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. त्यामुळे स्वयंपाक झाला की सिलिंडरचीच चावी बंद कर. कार्बन मोनॉक्साइड या वास नसलेल्या विषारी वायूची सूचना देणारा गजर झोपायच्या जागेजवळ हवाच. या दोन गोष्टींत मी तुझे काहीही ऐकून घेणार नाही.

तळ तपासण्याचा दिवस ठरला की मला कळव, मी येईन. जुने कपडे घाल, आणि टॉर्च व एक बोथट सुरी बरोबर ठेव. झडपांवरचा रंग खरवडून आतला धातू पिवळा आहे की गुलाबी, ते दोघे मिळून पाहू.

तुझा,
काका