'रविवारी येतो म्हणालेत' असं मी आजींना खोटंच सांगितलं, आता काय करू?

बी.एड.च्या मुलामुलींकडून एक प्रश्न मला दर वर्षी येतो. शब्द वेगळे असतात पण मुद्दा तोच, की वृद्धाश्रमात कम्युनिटी वर्कला गेलो, तिथल्या एका आजींमध्ये जीव अडकला, आता रात्री झोप लागत नाही, मी जरा जास्तच मनाला लावून घेते का, आणि एवढी हळवी असेन तर उद्या वर्ग कसा सांभाळणार? त्यातलीच एक केस सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि लिहायला तिची परवानगी आहे.

मुलगी दुसऱ्या वर्षाची. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालंय, त्यात पाठ, टाचणं (म्हणजे पाठांचं लेखी नियोजन), इंटर्नशिप, जर्नल पूर्ण करणं आणि या सगळ्याच्या फटीत कुठेतरी समाजसेवेचे दिवस. त्यांच्या ग्रुपला गावाबाहेरचा एक वृद्धाश्रम मिळाला होता. पहिल्या दिवशी जे सगळीकडे होतं तेच झालं, म्हणजे बॅनर, केळी वाटप, एक ग्रुप फोटो, आणि मग 'चला आता आपण एक छान गेम खेळू, सगळ्यांनी टाळ्या वाजवा बघू'. एका आजोबांनी म्हणे टाळ्या वाजवल्याच नाहीत, वर म्हणाले, बाळ, मी हेडमास्तर म्हणून रिटायर झालोय, पहिलीच्या वर्गाला लावायचा आवाज मला नको लावूस. मला ते आजोबा फार आवडले. साठीच्या पुढच्या माणसाशी आपण लाडंलाडं का बोलतो हे मला आजवर कळलेलं नाही. ऐकू कमी येत असेल तर समोर बसून, तोंड दिसेल असं, जरा सावकाश बोलावं, बास. नुसतं ओरडून उपयोग नसतो, कारण वयाप्रमाणे आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात आणि ओरडलं की आवाज अजूनच चढतो.

तर मूळ गोष्ट. हॉलच्या कोपऱ्यातल्या कॉटवर एक आजी होत्या, ताठ, बोलायला मोजक्या, लुगडं स्वच्छ. हिचं आणि त्यांचं जमलं. दोन-तीन भेटींनंतर त्यांनी उशाखालच्या डबीतून घडी घातलेला कागद काढला, त्यावर मुलाचा नंबर, आणि म्हणाल्या, पोरी तुझ्या फोनवरून लावून बघ, इथल्या फोनवरून उचलत नाही तो. हिने लावला, कुणाला न विचारता, स्वतःच्या मोबाइलवरून. पलीकडून 'कोण बोलतंय, नंबर कुठून मिळाला, परत फोन करायचा नाही' असं काहीतरी झालं आणि कट. आजी तोंडाकडे बघतायत. हिने काय सांगावं? 'कामात होते आजी, रविवारी येतो म्हणालेत.'

माझ्याकडे आली तेव्हा गुरुवार होता. रडत नव्हती, पण बोटं सारखी ओढणीशी चाललेली. म्हणाली, मॅडम, आजींनी सगळ्यांना सांगितलंय रविवारी मुलगा येणारे म्हणून, शेजारच्या कॉटवरच्या बाईंकडून तेल मागून घेतलंय डोक्याला लावायला. मी शनिवारपासून जाऊच नको का? मैत्रिणी म्हणतात अगं तू चांगल्या मनाने बोललीस, विसरतील त्या, म्हातारी माणसं विसरतात.

इथे मी तिला थांबवलं. विसरतील का, हा पहिला प्रश्न होता आणि त्याचं उत्तर तिलाच माहीत होतं. या आजी कॅलेंडरवर रविवार मोजणाऱ्या, औषधांच्या वेळा स्वतः सांभाळणाऱ्या. विसरणाऱ्या दुसऱ्या एक होत्या त्याच हॉलमध्ये, दिवस मावळायला लागला की पिशवी भरायच्या आणि विचारायच्या एसटी किती वाजता आहे, पोरं उपाशी असतील. डिमेन्शियात संध्याकाळची ही अस्वस्थता बऱ्याच जणांना होते. तिथे 'अहो तुमची पोरं साठीला आलीत, तुमचे मालक वारले' असं खरं सांगून काय मिळतं, तर त्या बाईला दर संध्याकाळी नव्याने वैधव्य. त्यांच्याशी वाद घालू नये आणि खोटी एसटीही आणू नये, त्यामागच्या काळजीशी बोलावं, कुठलं गाव तुमचं, पोरांना काय आवडतं खायला, चला तोवर चहा घेऊ. पण डोकं शाबूत असलेल्या माणसाला तोच न्याय लावला तर तो सरळसरळ अपमान आहे. म्हातारपण म्हणजे विसरभोळेपण नाही.

मग मी विचारलं, ते वाक्य तू कुणासाठी बोललीस? बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, त्यांचा चेहरा मला बघवला नसता. म्हणजे स्वतःसाठी. हे तिने म्हटलं, मी नाही, आणि म्हटल्यावर तिचे खांदे जरा खाली आले. आपण पुष्कळदा समोरच्याचं दुःख कमी करायला म्हणून बोलतो पण प्रत्यक्षात ते दुःख बघत बसायची आपली तयारी नसते. त्यात गुन्हा वगैरे काही नाही, बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला अचानक कुणी असं विचारलं तर तोंडातून हेच निघणार. पण रविवारच्या आत ते दुरुस्त करणं मात्र तिचंच काम होतं, माझं नाही आणि तिच्या मैत्रिणींचं तर नाहीच.

आता ती एकदम दुसऱ्या टोकाला गेली. मोबाइल काढून म्हणाली, मॅडम कायदा आहे ना, २००७ चा, त्या मुलावर केस टाकता येते, मी वाचलंय. हो, येते. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा तो कायदा आहे, प्रांताधिकाऱ्यांपुढे न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, वकील लावलाच पाहिजे असं नाही, महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो, आणि सांभाळायच्या अटीवर घर नावावर करून घेऊन नंतर हात वर केले तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइनही आहे, सकाळी ८ ते रात्री ८. हे सगळं माहीत असणं चांगलंच, एखाद्या आजी-आजोबांनी स्वतः विचारलं तर सांगावं. पण या आजींनी कुठे मागितलंय? त्यांना मुलाचा आवाज हवा होता, नोटीस नको होती. अर्ज करायचा की नाही हे त्या ठरवणार, त्यांनी ठरवलं तर संस्था मदत करेल.

शिवाय आश्रमातला प्रत्येक माणूस टाकलेलाच असतो हे आपण आधीच धरून चालतो ते एक वेगळंच. कुणाला मूलबाळ नसतं, कुणाची मुलं परदेशात असतात आणि दर महिन्याला फी भरतात, कुणी सुनेशी पटत नाही म्हणून स्वतःच्या पायाने आलेलं असतं आणि खुशीत असतं. म्हणून मी मुलामुलींना सांगते की पहिला प्रश्न 'तुम्हाला मुलं किती, कुठे असतात' हा विचारूच नका, तो प्रश्न म्हणजे बऱ्याच जणांच्या खपलीला नख आहे. शाळा कुठली, शाळेत मार कुणाचा खाल्ला, पहिला पगार किती, लग्नात जेवायला काय होतं, हे विचारा. मानसशास्त्रज्ञ एरिक्सनच्या, माणसाच्या आयुष्याच्या आठ अवस्था तुम्ही परीक्षेला लिहिता ना, शेवटची, जगलो ते ठीक जगलो असं वाटणं किंवा मग वैफल्य, ती अवस्था तुमच्यासमोर कॉटवर बसलेली असते. रॉबर्ट बटलर नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने १९६३ मध्येच लिहून ठेवलंय की म्हातारी माणसं जुनं जुनं उगाळतात ते नुसतं बडबडणं नसतं, आयुष्याचा हिशोब लावणं असतं, आणि त्याला ऐकणारं कुणीतरी लागतं. ऐकणारं. सोडवणारं नाही.

तर आम्ही ठरवलं की आधी आश्रमाच्या मॅनेजरांना सगळं सांगायचं. तिला त्याचीच जास्त भीती, कॉलेजला कळवतील, मार्क जातील. मी म्हटलं जाऊ देत, पण उद्या त्या मुलाने आश्रमात फोन करून तमाशा केला तर बोलणी कोण खाणार? तेच मॅनेजरकाका. संस्थेकडे दाखल करतानाचे कागद असतात, कुणाला केव्हा फोन करायचा याचं काही ठरलेलं असतं, घरच्यांमध्ये काय झालंय हे त्यांना ठाऊक असतं आणि आपल्याला नसतं. आणि ते कारण तू विचारायचंही नाहीस, सांगितलं तरच ऐकायचं. तिच्या फोनवरून कुणाही नातेवाइकाला फोन जाणार नाही हेही ठरलं. कॉलेजांनी हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं खरंतर, केळ्यांच्या आधी.

मग आजींना काय सांगायचं याची प्रॅक्टिस. मी आजी झाले, ती ती. पहिल्यांदा तिने एवढी प्रस्तावना केली की मी आजी म्हणून कंटाळले. पाठाला जशी विषयाची ओळख करून देतात तशी. मग काटछाट करत करत एवढंच उरलं: आजी, त्या दिवशी फोन लागला पण बोलणं झालं नाही, त्यांनी लगेच ठेवला. रविवारी येतो असं ते म्हणाले नाहीत, ते मी माझ्या मनाने सांगितलं. चुकलं माझं. आणि यापुढे एक शब्द जास्त नाही. 'पण त्यांचा नाइलाज असेल', 'पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका', 'मी आहे ना तुमची नात', यातलं काहीही नाही. त्या रडल्या तर? बसून राहा. चिडल्या तर? बसून राहा. जा म्हणाल्या तर? तर उठ, आणि पुढच्या ठरलेल्या दिवशी परत जा.

शनिवारी सकाळी तिने सांगितलं. आजी रडल्या नाहीत, चांगल्याच चिडल्या. मला काय खुळी समजलीस काय, असं सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. ही थोडा वेळ बसली, मग बाहेर येऊन मला फोन, मॅडम सगळं बिघडलं. मी म्हटलं काहीच बिघडलं नाही, ज्या बाईला इथे सगळे 'आमच्या गोड आजी' करत फिरतात तिला आज हक्काने रागावता आलं, चांगलंय की. तिला हे तेव्हा अजिबात पटलं नव्हतं, फोन तोंडावरच ठेवला म्हणा ना.

रविवार गेला. मुलगा अर्थातच आला नाही. मॅनेजरकाकांनी कॉलेजला तक्रार वगैरे केली नाही, उलट म्हणाले बरं झालं सांगितलंस, संध्याकाळी आम्ही जरा आजींजवळ असू. पुढच्या भेटीला ही गेली तर आजींनी तिच्याकडे बघितलं आणि फोनबिनचा विषयच नाही, म्हणाल्या, नोव्हेंबर लागला, पेन्शनसाठी बँकेत हयातीचा दाखला द्यायचाय, माझे अंगठे उठत नाहीत त्या मशीनवर, मागच्या वर्षी तीनदा परत पाठवलं, तू चल. उभं आयुष्य राबलेल्या हातांच्या रेषा झिजतात, मशीनला त्या सापडत नाहीत. मोबाइलवर चेहरा दाखवूनही आता दाखला देता येतो, पण आजींना मोबाइल नको, बँकच हवी. काकांना विचारून, आश्रमाच्या गाडीतून, आश्रमाची एक मावशी सोबत घेऊन गेल्या. ही फक्त फॉर्म भरायला. येताना आजी गाडीत बोलत होत्या म्हणे, नवरा गेल्यावर पेन्शन सुरू व्हायला किती खेटे घातले ते, तारीखवार. हिने मध्ये एकदाही 'अरेरे' केलं नाही असं मला अभिमानाने सांगितलं.

राहिला निरोपाचा प्रश्न, जो खरंतर सगळ्यांनाच छळतो. परत कधी येणार विचारलं की तोंडातून 'येईन ना' निघतं. मी सांगते की शेवटचा दिवस कुठला हे पहिल्याच आठवड्यात सांगून टाका आणि मध्ये एकदा आठवण करा, आणि वचन द्यायचंच असेल तर एवढं छोटं द्या की तुमचं लग्न ठरलं, नोकरी लागली, ताप आला तरी पाळता येईल. हिने सांगितलं की वीस तारखेनंतर आमचं येणं बंद, माझी परीक्षा आहे, त्यानंतर मी कुठे असेन माहीत नाही, संक्रांतीला एक पोस्टकार्ड टाकेन, बाकी काही कबूल करत नाही. आजी म्हणाल्या, अक्षर मोठं काढ.

आणि हळवेपणाचं काय, वर्ग कसा सांभाळणार? माझ्या मते तरी ज्या मुलीला शेवटच्या बाकावरच्या पोराचा उतरलेला चेहरा दिसत नाही तिची काळजी करावी, हिची नाही. मात्र झोप उडणं पंधरा दिवसांच्या वर चाललं, जेवण कमी झालं, कॉलेजला जावंसं वाटेना, तर त्याला हळवेपणा म्हणून सोडून देऊ नका, कुणाशी तरी बोला, १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला तरी चालेल, मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

जानेवारीत तिचा मेसेज आला की कार्डावर जागा एवढीशी, काय लिहू. मी म्हटलं, टाचण लिहू नकोस, आज डब्यात काय होतं ते लिही.