विटाळ नाही, कीड आहे. तुळशीचं पान उलटं करून बघा

तुम्ही विचारलंय की गॅलरीतल्या तुळशीची पानं दर उन्हाळ्यात आकसून करपतात, खालून काळे ठिपके दिसतात, तर फवारायचं काय. आणि जाता जाता लिहिलंय की आजी म्हणते घरात विटाळ पाळत नाहीत म्हणून तुळस जळते, यात काही तथ्य आहे का. फवारणीचं सांगते, पण आधी त्या शेवटच्या वाक्याचं.

तथ्य नाही. अजिबात नाही. 1998 च्या उन्हाळ्यात हाच आळ माझ्यावर आला होता, म्हणून हे इतकं ठासून सांगतेय.

लग्नाला तीन वर्षं झाली होती. सासर कऱ्हाडजवळच्या एका गावात. अंगणात दगडी वृंदावन आणि त्यात सासूबाईंनी लावलेली कृष्ण तुळस, चांगली कमरेएवढी वाढलेली. वैशाखात तिचे शेंडे आखडायला लागले. पानं वळली, पिवळी पडली, मंजिऱ्या आल्या तशा वाळून गेल्या. सासूबाई रोज पाणी घालताना बघायच्या, बोलायच्या काही नाहीत. बोलल्या त्या चुलत सासूबाई. नात्यातल्या एका लग्नासाठी आल्या होत्या. ओसरीवर सुपारी कातरता कातरता सगळ्यांदेखत म्हणाल्या, "घरात कुणाचं तरी शिवाशिवीचं चुकतंय, त्याशिवाय तुळस अशी जळत नाही."

जाऊबाई पुण्याला असायच्या. घरात कावळा शिवणारी मी एकटीच. म्हणजे नाव न घेता नाव घेतलंच होतं.

मी ते चार दिवस मागच्या खोलीत बसायचे. ताट वेगळं, चटई वेगळी, अंगणात पाऊल टाकायचं नाही. मला ते पटत नव्हतं तरी एक दिवस चुकवलेला नव्हता. एवढं पाळून पुन्हा ते ऐकून घ्यायचं. तोंडातून शब्द फुटला नाही. रात्री नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "मोठ्या आहेत, सोडून दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे आडवे झाले होते तेव्हा वृंदावनापाशी गेले आणि एक आखडलेलं पान नखानं उलगडलं. खालच्या अंगाला डांबराचे शिंतोडे उडावेत तसे काळे चकचकीत ठिपके, आणि त्या ठिपक्यांत काहीतरी हलत होतं. धाकट्या दिराचं भिंग आणलं. तिळाएवढा किडा, पंख काचेसारखे, त्यांवर जाळीची नक्षी आणि काळसर डाग. त्याच्या शेजारी पिल्लं, काळी, काटेरी, पानाला चिकटून दाटीवाटीनं बसलेली. त्या एका पानावर मी एकोणीस मोजली. ते काळे ठिपके म्हणजे त्यांची विष्ठा.

पान तसंच हातात धरून मामंजींकडे गेले. त्यांचं वांग्याचं रान होतं, कीड ओळखायला त्यांना पुस्तक लागत नसे. भिंगातून बघून म्हणाले, "रस शोषणारी कीड आहे ही." सासूबाईंना हाक मारली. त्या म्हणाल्या, "तुळशीला कीड कशी लागेल? ती देवी आहे." मामंजी म्हणाले, "देवी असली तरी पाला आहे. पाल्याला कीड लागते."

त्या दिवशी नेमकी द्वादशी, तुळस खुडायची नाही. तेवढं मामंजींनी पाळलं. तेरसेला सकाळी त्यांनी आणि मी मिळून आखडलेले सगळे शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवले. गेल्या आषाढातल्या निंबोळ्या पोत्यात होत्या, त्या कुटून रात्री भिजत घातल्या, फडक्यातून गाळून दुसऱ्या दिवशी फवारल्या. दर आठवड्याला एकदा, अशा तीन वेळा. वटपौर्णिमेपर्यंत तुळस पुन्हा हिरवी झाली. सासूबाई त्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. पण पुढच्या वैशाखात शेंडा जरासा आखडला तेव्हा त्यांनीच हाक मारली, "अगं, ते भिंग घेऊन ये." चुलत सासूबाईंना मात्र कुणी काही सांगितलं नाही. कुणाची तुळस वाळली की त्या अजून तेच म्हणतात.

या किड्याला लेस बग म्हणतात. शास्त्रीय नाव कोक्लोकायला बुलिटा. सब्जावरही येतो. अंडी पानाच्या आत टोचून घालतो, म्हणून एकदा फवारून भागत नाही. वरची मेली तरी आतली आठवड्याभरात बाहेर येतात.

तुमच्याकडे निंबोळ्या नसणार, तेव्हा कडुनिंबाचं तेल घ्या. लिटरभर पाण्याला 5 मिली. तेल आधी भांडी घासायच्या साबणाच्या चार-पाच थेंबांत घोळून मग पाण्यात घाला, नाहीतर तेल नुसतं वर तरंगतं. निंबोळी पावडर मिळाली तर लिटरला 50 ग्रॅम, रात्रभर भिजवून. फवारा पानाच्या खालून मारायचा. निम्मे लोक वरून मारतात आणि उपयोग होत नाही म्हणतात. वेळ ऊन उतरल्यानंतरची आणि दिवेलागणीच्या आधीची. उन्हात तेल मारलं तर पान भाजतं, आणि सकाळी मंजिऱ्यांवर मधमाश्या असतात. कीड थोडी असेल तर औषधाच्याही आधी नळीच्या जोरदार पाण्यानं पानं खालून धुवा. बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. हळद आणि राख भुरभुरवून माझ्याकडे कधी फरक पडला नाही. दुकानातलं कीटकनाशक तुळशीवर मारूच नका. तुम्ही ती पानं चहात घालता.

आणखी काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. कडुनिंबाचं तेल मारल्यावर आठ-दहा दिवस पानं खाऊ नका, नंतरही धुऊनच घ्या. पहिल्यांदा दोन-चार पानांवर मारून एक दिवस बघा. काळ्या ठिपक्यांऐवजी पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, तो काडीनं किंवा ओल्या बोळ्यानं पुसून काढावा लागतो. मुंग्यांची रांग लागली असेल तर वर मावा किंवा पिठ्या असणारच. पान दुमडून जाळ्यानं शिवल्यासारखं दिसलं तर आत अळी आहे, ते पानच तोडून टाका. यातलं काहीच नसेल आणि तरी झाड मान टाकत असेल तर कुंडीचं भोक बघा. घरातला प्रत्येक जण भक्तीनं तांब्याभर पाणी ओततो आणि मुळं कुजतात. मंजिऱ्या वाळायच्या आत खुडत जा. बी धरलं की झाड थकतं. आणि तुळस दोन-तीन वर्षांत जून होतेच, तेव्हा कुणी काही केलेलं नसतं.

तुमच्या आजींना एक आखडलेलं पान उलटं करून दाखवा. चष्म्यानं दिसत नसेल तर भिंग द्या, किडा हलेपर्यंत थांबा. आणि ज्या मुलीला किंवा सुनेला त्या बोलल्या असतील, तिला शेजारी उभी करून दाखवा. नंतर एकटीला कानात येऊन सांगू नका.